मागच्या सीटवरचं सामान

मास्तर चष्मा विसरत, किल्ल्या विसरत, पण गळ्यातली शिट्टी कधी विसरत नसत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मैदानावर आता दुसराच कुणीतरी पोरांना रांगेत उभं करून कवायत करून घेत होता. तरी मास्तर आंघोळीपुरती शिट्टी खिळ्याला अडकवत आणि अंग पुसून झालं की शर्टाच्या आधी ती गळ्यात घालत.

ती शिट्टी गळ्यात घालूनच ते बायकोला घेऊन सायकलवरून देशाची किनारपट्टी पालथी घालायला निघाले होते. उत्तरेच्या हद्दीपासून दक्षिणेच्या टोकावरच्या दीपगृहापर्यंत. देश तसा लहान. टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशात त्याच्यावर एक ढग काढला की भागायचं, दुसऱ्या ढगाला जागाच नसे. पण किनारा मात्र खोडकर होता, सारखा आत वळायचा, बाहेर यायचा, त्यामुळे सायकलवाल्याला तो चांगलाच लांब पडे.

सायकल दोन सीटची होती. पुढे बसणाऱ्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि गिअर. मागे बसणाऱ्याच्या हातात म्हणाल तर काहीच नाही, तिथलं हँडल नुसतं धरायला. डाव्या बाजूला एक चेन, ती पुढची पायडलं मागच्या पायडलांना जोडणारी. उजव्या बाजूला दुसरी, ती मागच्या पायडलांपासून चाकाला जाणारी. म्हणजे पुढचा माणूस कितीही मोठा पहिलवान असो, त्याचा जोर मागच्याच्या पायांशी जाऊनच चाकाला मिळायचा. दुकानदाराने हे सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हा मास्तर घंटी वाजवून बघत होते आणि त्यांची बायको लक्ष देऊन ऐकत होती.

पुढे कोण बसणार हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही.

"हिचं काय," मास्तर सकाळच्या सायकल मंडळींना म्हणाले होते, "हिने जन्मभर बसून काम केलंय. आताही बसायचंच आहे."

मंडळी खो खो हसली होती. बायको पायमशीनवर कपडे शिवायची. अख्ख्या शाळेचे गणवेश तिच्या हातून जात. मास्तर मैदानावर पोरांना पळवत असत, त्या सगळ्या वेळात ती घरात खिडकीपाशी बसून मशीन चालवत असे. आता मशीन पायाने चालतं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरातल्या आवाजांकडे माणूस लक्ष देत नाही, तसं झालं होतं.

रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचले की मास्तर मंडळींच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकत. खोलीत असतील तर खिडकीशी उभं राहून, पाठ ताठ करून. "आजचा टप्पा पार. वारा समोरून. पुढचं इंजीन ठणठणीत, मागच्या सीटवरचं सामान सुखरूप." पहिल्या दिवशी हा विनोद एवढा चालला, की पुढे रोजच तो आला. औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे औषधवाले म्हणत, ते लगेच उलट विचारायचे, "सामान फार जड नाही ना हो, मास्तर?" आणि मास्तर म्हणायचे, "सवय झाली आता."

बायको तेव्हा बहुधा मोजे धूत असायची, दोघांचेही. एकदा फक्त ती म्हणाली, "सामानाला जरा पाणी आणून द्या प्यायला." मास्तरांनी हसत हसत आणून दिलं.

चढ लागला की मास्तर पुढून ओरडायचे, "अगं, जोर लाव! झोपलीस काय?"

"लावतेय," मागून उत्तर यायचं.

"लावतेय म्हणे! मला इथे कळतंय सगळं."

खरं सांगायचं तर गेले काही दिवस मास्तरांना भलतंच काही कळू लागलं होतं. दुपारनंतर त्यांचा दम जायचा. गुडघ्यात कळ यायची. मग ते पाय हलके ठेवत, पायडल फिरेल तसे नुसते फिरू देत. सायकल चालतच राहायची. पुढे बसणाऱ्याला वारा अंगावर घ्यावा लागतो, रस्ता बघावा लागतो, जबाबदारी असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आणि मागून कुणाला काय दिसतंय? मागून फक्त पाठ दिसते. पाठ त्यांनी ताठच ठेवली होती.

शेवटच्या दिवशी ते एका चहाच्या टपरीवर थांबले. समोर समुद्र, वाऱ्याने उडणारी प्लास्टिकची टेबलक्लॉथं, त्यांच्यावर ठेवलेले दगड. शेजारच्या टेबलावर नुकतंच लग्न झालेलं वाटावं असं एक जोडपं होतं. त्यांच्याही सायकली होत्या, पण वेगवेगळ्या. मुलीने मास्तरांच्या सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिच्यावर दोघांनाही पायडल मारावं लागतं का?"

"नियमाप्रमाणे दोघांनाही," मास्तर म्हणाले. "प्रत्यक्षात एकालाच."

जोडपं हसलं. टपरीवालाही हसला. बायकोने कप खाली ठेवला आणि रुमालाने ओठ टिपले. पांढरा रुमाल होता, कडेला तिनेच घातलेली निळ्या दोऱ्याची शिवण. ती मास्तरांकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण मग तिने टपरीवाल्याला विचारलं, "दीपगृह किती लांब राहिलं, दादा?"

"असा सरळ रस्ता, ताई, मग चढ. चढ संपला की देशही संपला."

दीपगृहापाशी लेक येणार होती. तिचं सासर तिथून जवळच होतं. शिवाय सायकल मंडळी भाड्याच्या गाडीने येऊन मास्तरांचं स्वागत करणार होती. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचता येत होतं, तेव्हा त्यांचं काही बिघडत नव्हतं.

टपरीपासून रस्ता पाण्याला अगदी चिकटून जात होता. एका बाजूला दगडी बांध, बांधावर वाळत टाकलेली जाळी, दुसऱ्या बाजूला बुटकी घरं. वारा पाठीवर होता. मागे बायको गुणगुणत होती. मशीनवर बसली की ती अशीच गुणगुणायची, धड गाणं नाही, नुसता सूर. मास्तर मनातल्या मनात दीपगृहापाशी करायच्या भाषणाची जुळवाजुळव करत होते.

आणि एकदम त्यांचे पाय हलके झाले.

जिना संपला हे न कळून माणूस आणखी एक पायरी उतरायला जातो, तसं काहीसं झालं. पायडल गरकन फिरलं. मास्तरांना वाटलं, गिअर सुटला. मग वाटलं, मागे काही पडलं की काय, कारण रस्त्यावर काहीतरी छनकन वाजल्यासारखं झालं होतं. त्यांनी मान वाकवून खाली पाहिलं. डावीकडची चेन नव्हती. त्यांच्या पायाजवळची दात्यांची चकती मोकळीच फिरत होती, आणि तिच्याबरोबर त्यांचे पाय.

सायकल मात्र चालली होती. आधी चालत होती तशीच. ना वेग उतरला, ना सायकल डगमगली. मागचं गुणगुणणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

आता इथे थांबायला हवं होतं. शेंबडं पोरही थांबलं असतं. ब्रेक लावायचा, उतरायचं, "अगं, चेन गेली" म्हणायचं, मागे जाऊन ती उचलून आणायची. दुरुस्तीचं सामान पिशवीत होतं, हातही चालायचा मास्तरांचा. पण थांबलं की ती उतरणार, बघणार, आणि विचारणार, कधी गेली? मग काय सांगायचं? एवढ्यातच गेली म्हटलं तरी पुढचा प्रश्न न विचारताही तिथे उभा राहणारच होता, की चेन गेली आणि सायकलीला कळलंसुद्धा नाही, ते कसं? आणि टपरीवरचं ते वाक्य अजून त्यांच्याच तोंडात गरम होतं.

मास्तर पाय फिरवत राहिले. हवेत. पुढच्या वळणाशी थांबू, असं त्यांनी ठरवलं. वळण आलं, गेलं. त्या पांढऱ्या घरापाशी थांबू. तेही गेलं. त्यांचे कान तापले होते. मानेवर घाम आला होता, तो काही श्रमाचा नव्हता. किनाऱ्याने केलेला सगळा प्रवास त्यांच्या डोळ्यांपुढून उलटा जाऊ लागला. तो लांबलचक पूल, ती खडीची वाट, तो दिवसभराचा समोरचा वारा. त्यातलं आपण किती ओढलं होतं? त्यांना खरोखरच सांगता येईना.

चढाच्या पायथ्याशी बायकोच म्हणाली, "जरा थांबता का? माझा रुमाल पडला मागे."

"कुठे?"

"आहे मागे. मी आणते, तुम्ही बसा."

ती उतरून चालू लागली. मास्तर सायकलीच्या डाव्या बाजूला, चकती झाकली जाईल असे पाय फाकून उभे राहिले. ती बरीच मागे गेली, लहान दिसू लागली. तेव्हाही हाक मारता आली असती. त्याऐवजी मास्तरांनी पिशवीतून पिवळा रेनकोट काढला आणि सायकलीच्या दांड्यावरून डाव्या बाजूला असा सोडला, की मोकळी चकती त्याखाली गडप झाली. खालची टोकं पायडलात अडकू नयेत म्हणून त्यांनी ती दांड्याला बांधली. गाठ पक्की मारली. खोटं बोलली म्हणून आयुष्यभर पोरांना अंगठे धरून उभं करणारा माणूस, भर उन्हात सायकलीला रेनकोट नेसवत होता आणि मान वळवून कुणी बघतंय का ते पाहत होता.

ती परत आली. रुमालाची घडी मुठीत घट्ट धरली होती. ती तिने आपल्या पिशवीत खोलवर ठेवली आणि रेनकोटाकडे पाहिलं.

"ऊन आहे की चांगलं. हा कशाला काढलात?"

"वाळत घातलाय. दमट झाला होता."

"बरं," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आणखी काही नाही ना?"

"काय असणार?"

"काही नाही. चला मग."

चढ एकदम उभा नव्हता, पण संपायचं नाव घेत नव्हता. मास्तरांनी गिअर सगळ्यात हलका केला. त्या चढावरचं त्यांचं कर्तृत्व तेवढंच. बाकी ते पाय फिरवत होते आणि, लाज वाटते सांगायला, धापा टाकत होते. खोट्या. फुप्फुसं भरून हवा घ्यायची आणि तोंडाने हुश्श करून सोडायची. पहिल्या वळणानंतर मागचं गुणगुणणं थांबलं. दुसऱ्या वळणानंतर तिचा श्वास ऐकू येऊ लागला. तो खरा होता. दोन्हींतला फरक मास्तरांना लख्ख ऐकू येत होता, आणि तो तिला येत नसेल अशी आशा ते करत होते.

सायकल इतकी हळू चालली होती, की कडेच्या गवतातले दगड एकेक करून ओळखता येत होते. मास्तरांचं वजन, चार पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, दोन माणसांचे बूट, सगळं बायको एकटी वर नेत होती.

"उतरून ढकलायची का?" मास्तरांनी विचारलं. आवाज घोगरा आला.

"तुम्ही दमलात का?"

नुसतं "नाही, मी काही करतच नाहीये" एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "मला काय धाड भरलीय?"

"मग राहू दे," ती म्हणाली.

वर पोचले तेव्हा टाळ्या झाल्या. दीपगृहाच्या आवाराबाहेर गाडी उभी होती. लेक हात हलवत पळत आली. औषधवाले होते, बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते, आणखी चार-पाच जण होते. कुणी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, कुणी फोन समोर धरून चित्रण सुरू केलं. बायको सायकलवरून उतरली आणि बाजूच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तिचे पाय थरथरत होते. ते कुणी पाहिलं नाही. मास्तरांनी पाहिलं.

"काय मास्तर!" औषधवाले ओरडले. "सामान पोचलं का धडपणी?"

फोन त्यांच्या तोंडासमोर होता. सगळे उत्तराआधीच हसू लागले होते. आणि मास्तरांच्या तोंडून, रोजच्या सवयीने, त्यांनी अडवण्याआधीच निघून गेलं, "पोचलं. पण आज जरा जडच गेलं हो."

हशा पिकला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसले नाहीत, पण तोंड हसल्यासारखं ताणलेलं राहिलं.

"बाबा, हा रेनकोट काढा ना, फोटोत घाण दिसतोय," म्हणत लेकीने गाठ सोडलीसुद्धा. रेनकोट निघाला. मोकळी चकती उन्हात चकाकली. पण कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. त्यांच्यापैकी कुणी दोन सीटची सायकल कधी चालवली होती?

तेवढ्यात बायको पुढे आली. तिने पिशवीतून रुमालाची घडी काढून मास्तरांपुढे धरली. "घ्या, घाम पुसा."

मास्तरांनी हात पुढे केला. रुमाल जड होता. घडी त्यांच्या तळहातावर सुटली आणि आतली चेन बोटांमधून लोंबू लागली. पांढऱ्या कापडावर काळ्या तेलाचे पट्टे उमटले होते. वाळूचे कण चिकटले होते.

म्हणजे तिने ती पडताना पाहिली होती. म्हणजे पायथ्याशी तिला सगळं माहीत होतं. "आणखी काही नाही ना?" तेव्हाच विचारलं होतं. "दमलात का?" तेही तेव्हा विचारलं होतं. त्यांचे पाय हवेत फिरताना तिने प्रत्येक वळणावर पाहिले होते, त्या धापा ऐकल्या होत्या, आणि तरी वर आणलं होतं. भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना वाटलं. भुई जागची हलली नाही.

"अरे बाप रे!" औषधवाल्यांनी चेन पाहिली. "चेन तुटली? आणि तरी चढ चढलात? एका चेनवर? मंडळी, ऐकलंत का, मास्तरांनी तुटक्या चेनने सायकल वर आणली! या वयात!"

पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. बँकवाले साहेब म्हणाले, याला म्हणतात जिद्द. फोनवाला आणखी जवळ आला. बायको मास्तरांकडे बघत होती, रागाने नाही, कुत्सितपणेही नाही. पायथ्याशी बघत होती तशीच, वाट पाहिल्यासारखी.

मास्तरांनी शिट्टी तोंडात घेतली आणि जोरात वाजवली.

सगळे दचकले. कठड्यावरचे पक्षी उडाले. "गप्प उभे राहा," मास्तर म्हणाले. शाळेतला आवाज होता, पण मधेच चिरकला. "हसू नका. इकडे बघा. साहेब, सायकलीची मागची बाजू उचलून धरा. वर. चाक जमिनीला लागता कामा नये."

साहेबांनी गोंधळून सायकल उचलली. मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांनी पुढचं पायडल हाताने फिरवलं. ते गरगर फिरलं. मागचं चाक ढिम्म. त्यांनी पुन्हा फिरवलं, आणखी जोरात, पोरांना न समजलेली कवायत पुन्हा करून दाखवावी तसं. चाक ढिम्मच. मग त्यांनी मागचं पायडल फिरवलं आणि चाक सुरसुरत फिरू लागलं.

"ही चेन," ते म्हणाले, आणि रुमालातली चेन त्यांनी वर धरली, "माझ्या पायडलाची. ही नसली की पुढचा माणूस म्हणजे नुसतं ओझं. सामान. कळलं?"

कुणी हसलं नाही. फोन धरलेला हात हळूहळू खाली गेला. औषधवाले आपल्या बुटांकडे बघू लागले. त्या शांततेत चाक अजून फिरत होतं, आणि ते थांबेपर्यंत सगळेजण त्याच्याकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कुणाला सुचेना.

लेक आईकडे वळली होती. तिला आता ते थरथरणारे पाय दिसले. तिने आईचा दंड धरला आणि तिथूनच विचारलं, "बाबा, चेन कुठे तुटली?"

इथेही पळवाट होती. "आत्ताच, शेवटच्या वळणावर," असं म्हटलं असतं तर निभावलं असतं. अर्धी अब्रू वाचली असती. बायकोने ते खोटं पाडलं नसतं, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. तेच जास्त लागलं.

"खाली," ते म्हणाले. "चढ सुरू व्हायच्या आधी. सपाट रस्त्यावर."

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

मास्तर अजून गुडघ्यावरच होते. हात काळे झाले होते.

"कळलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं. तो रेनकोट मीच बांधला."

लेकीने वडिलांकडे असं पाहिलं, जसं जन्मात कधी पाहिलं नव्हतं, आणि मग नजर काढून घेतली. ते पाहणं मास्तर पुढे कधी विसरणार नव्हते.

ते बायकोकडे वळले. मान वर करणं जड गेलं. "तू बोलली का नाहीस गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"सांगायचं तुमचं होतं," ती म्हणाली. "मी चढभर वाट बघत होते."

मग तिने वाकून त्यांच्या हातातून चेन घेतली, ती सीटवर ठेवली, आणि रुमाल झटकून, काळी बाजू आत जाईल अशी त्याची घडी घातली. लेकीच्या खांद्याचा आधार घेत ती गाडीकडे चालू लागली. दोन पावलं जाऊन थांबली.

"दुरुस्तीचं सामान उजव्या पिशवीत आहे," ती न वळता म्हणाली. "जोडून ठेवा. आणि पाणी आणा जरा."

मास्तर उठले आणि पाणी आणायला गेले.